सहा कप

कुपवाडच्या शेडमध्ये सकाळचं पहिलं काम फडक्याचं.
पलीकडच्या प्लॉटवर हळद पॉलिश होते,
ड्रम फिरतात रात्रभर,
आणि आमच्या पत्र्यांवर पिवळी साय धरते,
बोटानं नाव लिहिता येईल एवढी.
नाव लिहू नको कस्तुरी, पूस, म्हणाले दस्तगीरमामा.
खंडोबाचा भंडारा असला तरी पूस.
रबराला श्रद्धा नसते.

सहा कप. तळहाताएवढे, काळे, कडा ओठासारख्या मऊ.
प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवायचा.
चीर अंगठ्याला कळते, डोळ्याला नाही.
परवा तिसऱ्या कपाला लागली, केसाएवढी.
नातवाला खेळायला होईल, म्हणत मामांनी तो काढला,
पण खिशात टाकायच्या आधी
कात्रीनं मधोमध कापला.
म्हणजे घाईच्या दिवशी कुणाला तो परत आठवायला नको.

मग बटण. पंप घुरघुरतो,
काटा लालातून उठतो, हिरव्यात येतो,
आणि तिथंच बसतो का, ते बघत उभं राहायचं.

मला वाटायचं, मशीन ओढून धरतं.
आयटीआयच्या पेपरात तसंच लिहून आले होते.
मामा हसले. रिकामं काय धरणार गं?
आत काही नाही, म्हणून बाहेरची हवा रेटते.
कृष्णेच्या पात्रापासून वर ढगापर्यंतची
सांगलीची सगळी हवा
खालून पत्र्याला खांदा देते.
आपण फक्त तिला आत शिरायला फट द्यायची नाही.

आधी बोटभर उचलायचं. थांबायचं.
मनात वीस मोजायचे.
शेठनं हाक मारली तरी वीसच.
खाली पाय नको, हात नको,
पडलेला नट तर नकोच काढायला,
नट चार आण्याचा.

मंगळवारी अकराला लाईट गेली.
पत्रा छातीच्या उंचीवर,
आठ बाय चार, सहा एमएम, एकशेचाळीस किलो.
पंप गप्प,
आणि बॅटरीवरचा भोंगा कोकलायला लागला.
टाकीत साठवलेलं शून्य, तेवढीच काय ती शिल्लक.

बाहुबली धावला. नवा पोरगा, जैनांच्या गल्लीतला,
दोन्ही हात पुढं,
पडणारं लेकरू झेलावं तसा.
मी ओरडले, मागं हो!
एवढ्या मोठ्यानं मी घरीसुद्धा कधी ओरडले नव्हते.
तो थिजला. मग मागं सरकला, पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडं.

चेनकप्पी हाताची होती, ते बरं.
बाजूला उभी राहून एकेक कडी सोडत गेले.
झटका नाही. घाई नाही.
घाई हातात येत होती, तिला कोपरापाशी अडवत होते.
काटा हिरव्याच्या काठावर.
पत्रा गुडघ्यावर.
काटा काठ ओलांडायला निघालेला.
पत्रा घोट्यावर.
लाकडाच्या ठोकळ्यांना टेकल्याचा आवाज आला,
जड माणूस बाजेवर बसावा तसा,
आणि थोड्या वेळानं कपांनीच पत्रा सोडला,
एकेक करून, फुस्, फुस्.
पाच मोजले. सहावा बराच वेळ चिकटून होता.

मामा कोपऱ्यातून बघत होते.
शाबास म्हणाले नाहीत.
टाकीच्या वॉल्व्हपाशी कान लावून बसले,
शून्य इतक्या लवकर कुठनं गळतंय, ते ऐकत.

शेठचा फोन आला, काम का थांबलंय.
लाईटही आली.
मी फडकं घेतलं.
पहिल्यापासून.

संध्याकाळी चहाचा कप देताना
आईनं माझा अंगठा धरला, उजेडात नेला.
पिवळा. नखाच्या कडेपर्यंत.
कुणाच्या हळदीला गेली होतीस गं,
न सांगता?
तिच्या आवाजात जरा आशाच होती.

म्हटलं, होता एक.
एकशेचाळीस किलोचा.