मुनगा

गोळीबार चौकातल्या समाजभवनात
हाडांचं शिबिर होतं, फुकट.
मायनं टाच मशीनमध्ये ठेवली,
सराफाच्या तराजूत
मोडीची पाटली ठेवतात तशी.
नजर काट्यावर, तोंडातून शब्द नाही.

उणे दोन पूर्णांक नऊ.
डॉक्टर पोरगेलेसे होते, हळूच म्हणाले,
हाडं विरली आहेत, काकू.

विरली.
आम्हा कोष्ट्यांना हा शब्द नवा नाही.
लुगडं विरतं, आधी बसायच्या जागी,
मग गुडघ्यावर,
उजेडात धरलं की पलीकडचा माणूस दिसतो.
पण लुगड्याला रफूगार भेटतो.

रोज दोन कप दूध घेत जा, म्हणाले.
माय हसली.
आमच्या घरी दूध म्हणजे
चहाला आलेला रंग.
पावशेरात सहा लेकरं, दोन पाहुणे,
आणि साय कुणाची यावरून भांडण.
तिच्या कपात कधी कोरा, कधी गाळणीतलं धुवण.

आणि सकाळचं कोवळं ऊन घ्या.
आता मीही हसले.
नागपुरात ऊन कमी पडलं म्हणे!
जिथे मे महिन्यात डांबर
चप्पल धरून ठेवतं, सोडत नाही.
पण मायनं चाळीस वर्षं
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून काढली.
खिडकीला गोणपाट,
उन्हानं सुताचा रंग उडतो म्हणून.
रंग नाही उडाला.
ती लुगडी कुठे कुठे लग्नांना गेली,
मांडवाच्या उन्हात मिरवली.

परतताना ई-रिक्षात, रस्त्याकडे बघत,
तिनं पहिल्यांदाच सांगितलं,
"तुह्या वक्ती मले चुना खावासा वाटे.
मांगच्या भिताडाचा. नखानं काढू काढू.
सासूनं पाह्यलं तं म्हणे,
घर खाते काय वं, भवाने?"

मला ती जागा आठवते.
रांजणामागे, वीतभर,
आतली वीट उघडी.
आम्ही समजायचो, उंदरांचं काम.
दर दिवाळीला बाप तिथे हात फिरवायचा,
पुन्हा पोपडा यायचा.
घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहिले,
ओठ वर करून.
एकावन्नाव्या वर्षी माझे दात
सगळे जागेवर आहेत.

बेबीनंदा भाजी विकते, तिनं सल्ला दिला फुकटच,
दुधाचं जाऊ दे बाप्पा, मुनग्याचा पाला खाय.
आणि स्वतःच्या कुंपणाची हातभर फांदी
पोत्यात गुंडाळून आणून दिली.
नळाच्या मागे लावली ती.
वर्षात छपराच्या वर.
माय लेकरांना आधीच दम देऊन बसली,
"चढू नका रे, कडकन मोडते.
मुनग्याच्या हाडाले जीव नाही."
मग थांबून,
"सोताचं ठिसूळ, अन् दुसऱ्याले देते."
कुणाबद्दल बोलली, विचारलं नाही मी.

आता आठ ते साडेआठ
ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते गल्लीत,
लुगडं पोटऱ्यांपर्यंत सरकवून.
पोटऱ्या पांढऱ्याफटक,
चेहऱ्याच्या नाहीतच जणू.
गोळी चहासोबत घ्यायची नाही,
ती चहासोबतच घेते.
तिळाची चटणी मात्र विसरत नाही.

तिशीपर्यंत जमा, पुढे नुसता खर्च,
डॉक्टर म्हणाले होते हाडांच्या खात्याचं.
माझी मयूरी चौदाची.
कणकेत पाला दिसला की ताट सरकवते,
आणि मी, माझ्या आजीच्या आवाजात,
ओरडणार असते तेवढ्यात
माय तिच्या ताटातला तुकडा मोडून
पोरीच्या तोंडाशी नेते.
अजून तेच. अजून तिच्याच ताटातला.
"तू खाय," मी म्हणते. "तू आधी."

वैशाखात वादळ झालं,
निम्मं झाड नळावर आडवं.
मी कपाळाला हात लावला.
माय खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.
"पाहत काय राह्यली? टोपलं आण," म्हणाली,
"सुकायच्या आंधी पाला खुडून घे."