उभ्याचं माप

प्रार्थनेच्या तिसऱ्या ओळीला
आधी कान जातात.
मग पुढच्या रांगेतल्या वेण्या पांढऱ्या होतात,
लाल रिबिनींसकट.
मग मी खाली.
जमीन मला नेहमी वेळेवर सापडते.

धुरी बाई म्हणाल्या, चाचणी आली की हिला येतं.
शेजारची पार्वतीकाकी म्हणाली,
चेडू खाणा नाय, वाऱ्यान पडतला नाय तर काय?
देवळात गाऱ्हाणं झालं.
जी काय वाकडी नजर असेल ती दूर कर,
सगळे म्हणाले, होय महाराजा.
मी पण म्हणाले,
बसून.

पप्पा मिठागरावर पन्नास किलोची गोणी
डोक्यावर घेऊन बांधावरून चालतात,
बांध दोन पावलं रुंद.
त्या दिवशी शाळेतून त्यांनी मला उचलून आणलं
आणि आईला हळूच म्हणाले,
हिचा वजनच लागूक नाय.
मी डोळे मिटून ऐकत होते.
तेहतीस.
गोणीपेक्षा सतरा कमी.
एका वर्षात चार इंच उंच झाले,
फ्रॉकची शिवण दोनदा उसवली,
काट्याला मात्र कुणी कळवलंच नाही.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी औषध नाही दिलं आधी.
झोप म्हणाले, दहा मिनिटं.
छतावर एक पाल होती, तीही हलली नाही.
शहात्तर.
आता उभी राहा, भिंतीला टेकू नकोस.
दोन मिनिटांनी एकशे चार.
पाच मिनिटांनी एकशे एकोणीस.
कंपाउंडर डबा खात होता, त्याचा घास हातातच.
दहा मिनिटांनी एकशे सव्वीस.
डॉक्टर पप्पांना म्हणाले,
तुम्हाला दिसतेय ती जागेवर उभी.
हिचं काळीज मात्र
आतल्या आत शिरोड्यापर्यंत पळून आलंय.

रक्त पायात उतरतं आणि तिथंच राहतं,
असं काहीतरी त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
पप्पांनी कागद आडवा धरला, उभा धरला.
म्हणजे भरतीचा पाणी खाजनात रवता,
वर येणा नाय. माका कळला.
मला वर्षभर कुणी विचारलं नव्हतं
तुला नक्की काय होतं,
आणि त्यांना एका वाक्यात कळलं.

नाव आखूड आहे, पॉट्स.
काकीनं ऐकलं आणि म्हणाली,
पोटाचाच असतला, मी म्हटलंय मां!

मग डॉक्टरांनी लिहून दिलं:
पाणी तीन लिटर. हळू उठणं. घट्ट मोजे.
वजन वाढवणं.
आणि मीठ, नेहमीपेक्षा जास्त, मी सांगतो तेवढं.
पप्पा हसले.
दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.
नंतर एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले,
मळगाव गेल्यावर म्हणाले,
वीस वर्सा मीठ काढतंय
नि माझ्याच चेडवात कमी?

आता दप्तरात दोन बाटल्या असतात.
मे महिन्यात मोजे म्हणजे काय असतं
ते मी सांगणार नाही.
पेजेत मीठ, ताकात मीठ, कैरीला मीठ,
धाकटा सुमेध म्हणतो, मलाही तोच आजार पाहिजे.
प्रार्थनेला मला खुर्ची दिलीय.
खुर्चीवरून सगळ्यांच्या फक्त पाठी दिसतात.
रांगेत असताना पडायची भीती होती,
इथं बसल्यावर
सगळे उभे आहेत हेच दिसत राहतं.

संध्याकाळी आम्ही बांधावर मोजतो.
पांढऱ्या ढिगांच्या मध्ये मी दहा मिनिटं उभी,
टाचा उचलत, पोटऱ्या आवळत.
पप्पा मनगट धरतात आणि सोडून देतात.
मिठानं बोटांची टोकं मेलीयत त्यांची,
त्यांना माझी नाडी लागत नाही.
म्हणून मी मोजते
आणि ते घड्याळ बघतात, श्वास धरून.

काल एकशे चौदा.
आज एकशे बारा.
वजन साडेतेहतीस, पण कपडे ओले होते.
कमी झाला मां? ते विचारतात.
एकशे बाराच ना, दोनच तर उतरले.
त्यांच्या पायाला भेगा, भेगांत मीठ,
आणि ते मघापासून
माझ्यासोबत उभेच आहेत.
होय महाराजा, म्हणते मी,
आणि आधी त्यांना
खाली बसायला लावते.