हद्दकायम मोजणी

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
डिचोली, मये, नार्वे, कधी पार सत्तरीच्या डोंगरापर्यंत.
साखळी ओढणारा देमू गेला, टेप आली, मग यंत्र आलं.
भांडणं तीच राहिली:
हा माड कुणाचा,
हा चिरा कुणी सरकवला.

बांबोळीला डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली
तेव्हा मला आधी नकाशाच दिसला.
कपाळामागे, उजवीकडे, लिंबाएवढा पांढरा तुकडा.
मी विचारलं, क्षेत्रफळ किती?
सगळे हसले.
रत्नप्रभा हसली नाही.

काढला, जमला तेवढा.
थोडा तिथेच राहील, म्हणाले.
म्हणजे मुंडकार, मी मनात म्हटलं,
जमीन त्याची नाही, पण उठवता येत नाही.

टाके सुकले. लोक शहाळी घेऊन आले,
डोकं वाकवून बघून गेले.
केस आले की कळणारसुद्धा नाही, म्हणाले.

विशाखाचा फोन आला, तिला तिसरा महिना.
मी 'बरं' म्हणालो
आणि पंख्याकडे बघत राहिलो.
आनंद कुठे असतो ती जागा मला पाठ होती.
गेलो तर तिथे नुसतं सुकलेलं मिठागर,
बांध शाबूत, आत काही नाही.

मग पहाटे तीनला जाग. गोळ्यांनी होतं, म्हणे.
अंगणातले चिरे मी अंधारात रचायचो,
पाडायचो, पुन्हा रचायचो.
काही पहाटे विहिरीच्या काठावर बसून राहायचो.
कुणी विचारलं नाही,
मीही बोललो नाही.

आणि एका दुपारी हुमणात मीठ कमी होतं.

ताट भिंतीला लागल्याचा आवाज मी ऐकला
शेजारच्या घरातला ऐकावा तसा.
नंतर चुना मारला दोनदा.
हळद वर येतेच.
त्या रात्री तिच्या खोलीची कडी वाजली.
आतून.
माझ्या पलंगापासून तिच्या दारापर्यंत
अकरा पावलं आणि वर थोडं.
मोजल्याशिवाय राहवत नाही मला.

डॉक्टर फुर्तादबाईंची खोली वेगळ्या इमारतीत,
तिथे फिल्म लावायला दिवाच नाही.
झोप विचारली. राग कधीपासून, विचारलं.
मग विचारलं, जगू नये असं वाटतं का,
सर्व्हे नंबर विचारावा तितक्या सरळ.
मी विहीर सांगितली.
रत्नप्रभाच्या मांडीवरची पिशवी खाली पडली,
रिपोर्ट सगळे जमिनीवर. कुणी उचलले नाहीत.

मी म्हटलं, बाई, एकच करा.
यातलं माझं किती, गाठीचं किती, गोळ्यांचं किती,
रेघ आखून द्या.
मी सही करतो.

त्या म्हणाल्या, अशी रेघ नसते.

मला ठाऊक असायला हवं होतं.
कागदावरची हद्द जमिनीवर सापडत नाही कधी.
शेवटी लगतच्या माणसालाच बोलवावं लागतं,
उन्हात उभं करून विचारावं लागतं,
तुला आठवतो तो बांध कुठे होता?

रत्नप्रभा माझ्याकडे न बघता बोलली.
'मिठावरून बोलायचा हा. लग्नापासून.
हें ताचें.'
थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
'ताट…
हें ताचें न्हय.'
आणि बऱ्याच वेळानं, 'विहिरीचं मला कळायला हवं होतं.'
ते कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही.

नवी गोळी लागू पडायला तीन-चार आठवडे.
विहिरीवर जाळी बसली, लोहार पैसे घेईना.
विशाखा दर रविवारी फोन करते,
मी 'बरं' म्हणतो, आणखी एखादा शब्द शोधतो.

कडी अजून वाजते रात्री.
काल उशिरा वाजली.