कुसळ

सोनं संपलं तेव्हा खाणीला दार लावलं.
मग कुणीतरी म्हणालं, आतलं रिकामपण तरी वापरू.

तेव्हापासून बोहेमियातल्या त्या बुटक्या डोंगराखालून
आम्ही हवा उपसतो.
विहिरीतला गाळ उपसावा तशी. रात्रभर दोन पंप धापा टाकतात,
गावातली कुत्री सवयीने झोपून राहतात,
पहाटे काटा तळाला टेकतो
आणि खापरपणज्यांनी पहारीने पोखरलेल्या त्या कुशीत
जवळजवळ काहीच उरत नाही.

मी नोंदवही उघडते. वेळ, तापमान, बाहेरचा दाब.
सिलिका जेल निळं आहे ना, पाहून घेते.
गुलाबी झालं तर दिवस गेला;
ओली हवा वेगात गारठते, तिच्यात धुकं धरतं
आणि आम्ही धुक्याचीच मोजमापं घेत बसतो.

पाती आठ. पोलादाची, तळहाताएवढी,
काचेच्या दोन भिंतींमध्ये ओळीने उभी.
खऱ्या टर्बाइनमध्ये ती मीटरभर लांब असतील,
मिनिटाला तीन हजार फेरे, टोकाकडे ध्वनीला मागे टाकणारी.
इथे ती हलत नाहीत, धावायचं ते वाऱ्याने.
वारा वाहील तशी पाठ द्यावी
हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

झडप उघडते.
अंगणातली, सफरचंदाच्या झाडाखालची,
वाळत घातलेल्या हातमोज्यांमधली हवा
एकदम खाणीकडे धावत सुटते.
पहिल्यांदा आलेले लोक कान झाकतात.
मला छातीत कुणीतरी लांबच लांब कापड फाडल्यासारखं होतं.
अकरा सेकंद.
पडद्यावरच्या करड्या उजेडात
पात्याच्या मागच्या धारेतून काळी रेघ निघते,
शेजारणीच्या पाठीवर आपटते, उलटी फिरते.
आकृतीत ही रेघ पट्टीने आखलेली असते.
इथे ती थरथरते,
तळ्यावरच्या बर्फात तडा जावा तशी.

मार्चमध्ये एक रेघ जास्त आली.
चौथ्या पात्याच्या पाठीवर, मधोमध, फिकट,
कुणाच्याच गणितात नसलेली.
वेंदुला तीन दिवस उभ्यानेच जेवली.
गणिताचं जाळं तिने बारीक विणलं, मग आणखी बारीक,
संगणक रात्रभर तापला. रेघ काही उमटेना.
ब्रनोहून आलेले पाहुणे प्रवाहाच्या अस्थैर्यावर
दीड तास बोलले. कॉफी संपली.
मी काच पुसली, दोन्ही बाजूंनी. रेघ होती तिथेच.

ओताकारला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचं तो टाळत होता.
यायचा तो कुंपणालगतच्या त्याच्या मधमाश्यांसाठी.
त्या दिवशी चौकट टेबलावर मोकळी पडली होती.
त्याने टोपी काढली,
खिडकीकडे पाठ केली
आणि अंगठ्याचं नख पात्यावरून सावकाश ओढत नेलं.
थांबला. थोडा मागे आला.
पुन्हा तिथेच थांबला.
“कुसळ आहे,” म्हणाला.

दाब मोजायचं भोक, अर्ध्या मिलिमीटरचं.
त्याच्या काठावर ड्रिलने सोडलेलं, केसाहून बारीक.
वेंदुला भिंग आणायला धावली.
तेवढ्या वेळात तो माझ्याशी बोलला, हळू:
हे भोक मीच पाडलं होतं. शेवटच्या आठवड्यात.
नंतर ही पाती कपाटातच राहिली.
डोळे तेव्हाच दगा द्यायला लागले होते, मी बोललो नाही.
एवढंच. मग त्याने खिशातून घासायचा दगड काढला
(निवृत्त माणसाच्या खिशात तो कशाला, मी विचारलं नाही)
आणि दोनदा, अगदी हलकेच, फिरवला.

दुसऱ्या सकाळी रेघ नव्हती.
वेंदुलाने जुना फोटो फाइलमधून काढून
टेबलावरच्या काचेखाली सरकवला.
मी वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: कुसळ.
कुणाचं, त्याला रकाना नाही.

बाहेर ओताकार पेट्यांशी वाकून उभा होता.
माश्यांच्या येण्याजाण्यावरून
आज हवा कोरडी आहे म्हणाला.
मी जेल पाहिलं. निळंच होतं.
पंप सुरू केले.