तार

बत्तीस वर्षं हिंगणघाटच्या जिनिंगात
मी कापूस पाहिला. म्हणजे बोटांनी पाहिला.
चिमूटभर घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा,
तार कुठे तुटते ते बघायचं
आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न पाहता
दर्जा सांगायचा.

म्हणून डाखोरे मास्तर वाचनालयाच्या
तेवीस वह्या घेऊन माझ्याकडे आले.
'राजकारण आणि आपलं गाव'. पानं चार,
नाव टाकायचं नाही, फक्त नंबर.
पहिलं बक्षीस पाचशे एक, वर थर्मास.
"मास्तर, मले काय समजते यातलं?"
"तुम्ही फक्त हात लावा," म्हणाले,
"आमाले सारेच चांगले वाटून राह्यले."

ओसरीत बल्बखाली बसलो.
चार नंबरनं पेपरातला अग्रलेख उतरवलेला,
खालच्या जाहिरातीची एक ओळ सोबत आलेली.
सात नंबर उघडला तर फरदड.
मागच्या निवडणुकीच्या घोषणा उपटल्याच नाहीत वावरातून,
पुन्हा पाणी देऊन त्याच पऱ्हाटीला बोंडं धरलेली.
हातात घेतलं की भुगा.
अकराचं अक्षर इतकं देखणं
की तिसऱ्या पानावर गेल्यावर कळलं,
यानं अजून कुणाबद्दल काहीच म्हटलेलं नाही.
एका पोरानं अर्धंच पान लिहिलं होतं:
मला राजकारणातलं कळत नाही,
पण आमच्या गल्लीतला लाइटचा खांब
मतदानाच्या आदल्या दिवशी आला आणि नंतर परत गेला.
चिमूटभरच. पण पांढरीशुभ्र.
ती बाजूला ठेवली.

सोळा नंबर वाचताना मान डोलायला लागली.
आपल्या बाजूचं, आपल्या मनातलं,
शिव्यासुद्धा मी देतो त्याच.
भारी वाटली वही, वजनदार.
मग सवयीनं हात आत घातला.
ओल.
फाट्यावर गाडी थांबवून पाणी मारतात,
वरचा थर उन्हानं वाळतो, काटा मात्र खाली जातो.
इथं मारलेलं पाणी माझ्याच रागाचं होतं.
खोटं कशाला बोलू,
नोकरीत अशा दोन-चार गाड्या मी पास केल्या आहेत.
सोयऱ्यांच्या.

नऊ नंबर शेवटी घेतला, कारण अक्षर ओळखलं होतं.
दिवाकर भोयर.
जिल्हा परिषदेच्या निवडणुकीपासून आमचं बोलणं नाही.
त्याच्या पोरीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या
आणि न जेवता निघालो.
लिहितो: टाकी बांधली, कागदावर नळ चाळीस,
पाणी येतं अकरांना.
टाकी आमच्या माणसानं बांधलेली.

ओढून पाहिलं. तुटेना.
जागा बदलून धरलं. पत्ती शोधली, कवडी शोधली,
सरकीचा एखादा तुकडा तरी,
रात्रीचे दीड वाजेस्तोवर शोधत बसलो.
आपण काय शोधतो आहोत
ते शोधताना कळत होतं.

सकाळी नळाच्या वेळेला चपला घातल्या,
पाय मोकळे करायच्या निमित्तानं
गावभर फिरलो, ऐकत, कुठे धार वाजते ते.
अकरा.
अकरावा माझा.

थर्मास भोयरच्या घरी गेला.
संध्याकाळी पानठेल्यावर तोच आधी बोलला,
इतक्या वर्षांनी:
"काऊन गा ग्रेडर, धापैकी नऊच? एक कुठं कापला?"
"तिसऱ्या पानावर लिहिलं तुनं, सारेच चोर हायेत.
सारे म्हणजे किती?
नळ मोजले तसे मोजले काय?"

तो सुपारी या गालातून त्या गालात करत राहिला.
"नाई," म्हणाला.
"चार पानं भरायची होती ना बावा."