दातांतला खडा

आमच्या एर्झुरुमात साखर चहात घालत नाहीत.
खडा दातांत धरायचा
आणि वरून चहा जाऊ द्यायचा.

आहारतज्ज्ञ सेव्दे.
पोरीचं वय माझ्या ओव्हरकोटाहून कमी.
"दिवसाला किती?"
मी म्हटलं, चहा कोण मोजतं?
"चहा नाही हो, खडे."
आकडा वहीत लिहिला. रागावली नाही.
तळहातावर पावाचा तुकडा ठेवून म्हणाली, एवढाच.
चहा राहू द्या. खडा सोडा.

आज चहाखान्यात समोर इलहामी, धाकटा भाऊ.
कुरणाच्या वाटणीपासून अकरा वर्षं
आम्ही असेच बसतो,
खडा दातांत असला की बोलावं लागत नाही.

कडू घोट गिळला.
तोंड रिकामं.
खिडकीबाहेर बर्फ, तेही बघून झालं.

"गुडघा कसाय तुझा?"

त्यानं खडा गालात सरकवला.