पत्ता कट

फाइल सापडत नाही, असं म्हणतंय.
रविवारपासून तेच, लाल अक्षरांत, सभ्यपणे,
बँकेतल्या खिडकीमागच्या माणसासारखं,
ज्याला तुमच्या कामात काडीचा रस नाही.

फाइल तर माझ्यासमोर आहे.
उघडून बघितली: गास्केट, प्रोपेलर, इंधनाची नळी,
सूरच्या बंदरातल्या सगळ्या होड्यांच्या
दुखण्यांची यादी.
वेबसाइटला मात्र दिसत नाही.
हमूदसेठ तासातासाला दारातून विचारतात, "खलास?"
मी म्हणते, पाच मिनिटं.
तीच पाच मिनिटं आज बुधवारीही पुरवून वापरते आहे.

आधी तिरक्या रेघा तपासल्या.
एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे.
माणूस दोन्ही वाचतो, सर्व्हर रुसतो.
मग स्पेलिंग. मग परवानग्या.
मग रस्त्यात दोन फोल्डर अरबी नावांचे निघाले
आणि पडद्यावर त्यांची जागाच उलटली,
आतली खोली आधी, बाहेरचं दार नंतर.
म्हणजे आमच्याच पाकिटासारखं की.
आम्ही आधी नाव लिहितो, मग मु. पो. आडिवरे,
मग तालुका, मग जिल्हा,
घरातून निघून जगाकडे जातो.
यंत्र जगाकडून निघतं
आणि प्रत्येक उंबऱ्यावर विचारतं, पुढे कोण?
एक उंबरा गळला की तिथेच उभं.
शेजारी चौकशी करत नाही.

इथे तर पत्ता नावाची गोष्टच नाही, नुसता पोस्टाचा डबा.
जेवण आणणारा टेकबहादूर फोन करतो, "दीदी, किधर?"
मी सांगते, होड्या बांधतात त्याच्या मागे,
निळी टाकी, बंद पडलेली लाँड्री,
तिथून एक गल्ली वर.
कुठून निघायचं ते मी सांगतच नाही.
तो येतो. आमटी गरम असते.

साडेदहाला जोडणीची ओळ मोठ्याने वाचली,
एकेक शब्द, बाळबोध, बोट ठेवून:
सी. युजर्स. कुंजुमोन. डेस्कटॉप. न्यू. न्यू टू.

कुंजुमोन.
चार दिवस नजर त्या नावावरून घसरत होती,
दारावरच्या जुन्या पाटीवरून घसरते तशी.
माझ्याआधी तो या खुर्चीत बसायचा.
खुर्चीचा खटका अडकलाय, उंची अजून त्याचीच,
माझे पाय टेकत नाहीत.
शाबानमध्ये त्याचा व्हिसा रद्द झाला.
का, ते कोणी सांगत नाही; मीही दोनदाच विचारलं.
परवाच्या शनिवारी मस्कतच्या ऑफिसने साफसफाई काढली,
त्याचं खातं पुसलं,
सामान उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवलं, ओल्ड नावाखाली.
पत्ता कट म्हणतो ना आपण, तसा.
फक्त वेबसाइटला कोणी कळवलं नाही.
कुणी कोळी रात्री दोनला फोनवर वॉशर शोधायचा
आणि ती बिचारी उठून
कुंजुमोनच्या टेबलापर्यंत जाऊन यायची.

ओळ बदलायला अकरा सेकंद लागले.
डी, मग ओल्ड, मग ते दोन अरबी फोल्डर, मग फाइल.
त्याचं नाव निवडलं, ते निळं झालं.
बोट जरा थांबलं. फार नाही.

मग वर एक टीप लिहिली, मराठीत,
दोन रेघांच्या आडोशाला, जिथलं यंत्र वाचत नाही:
हा रस्ता आधी कुंजुमोनच्या टेबलावरून जायचा.

पान उघडलं. चौदाशे बारा नोंदी.
पहिलीच: रबरी वॉशर, चाळीस हॉर्सपॉवर,
शिल्लक उणे तीन.

हमूदसेठ म्हणाले, "खलास?"
मी मान हलवली.
कपाटात उणे तीन वॉशर कसे असतात,
हे त्यालाच विचारावं लागेल.